हाताचा उशीर

धुळ्याचं कृषी-विमान प्रदर्शन हे त्या वर्षातलं आमचं सातवं. सातव्या प्रदर्शनापर्यंत माणसाला स्वतःच्याच आवाजाचा वीट येतो. "या, बसून बघा, घ्यायलाच पाहिजे असं काही नाही," हे वाक्य मी दिवसातून दीडशे वेळा म्हणत असेन. म्हणताना हसतेही. ते हसू सकाळी नऊला लावायचं आणि संध्याकाळी सहाला उतरवायचं. मध्येच गळून पडलं तर मला कळतसुद्धा नाही. पाय दुखतात, टाचांचं तर विचारूच नका. स्टॉलवर दोन खुर्च्या असतात, पण त्या आमच्यासाठी नसतात. बसलेल्या माणसाकडून कुणी काही घेत नाही, असं आमचे देवधर म्हणतात. देवधर कंपनीचे विभागप्रमुख आहेत, चौतीस वर्षांचे आहेत, आणि त्यांच्या गुडघ्यांना अजून वाचा फुटलेली नाही.

आम्ही 'वाटाड्या' विकतो. फवारणीच्या विमानाला शेतावरून रेघेत नेणारं यंत्र. मी, केतकी निकुंभ, स्टॉल सांभाळते आणि विमानाची जमिनीवरची तपासणी करते. माझा नवरा सुहास दुपारी चार वाजता ते यंत्र लावलेलं पिवळं विमान प्रत्यक्ष उडवून दाखवतो. स्टॉलच्या मागच्या मोठ्या फलकावर त्याचा गॉगल लावलेला फोटो आहे. खाली लिहिलंय, 'एकसष्टाव्या वर्षीही रेघ चुकत नाही.'

रेघ चुकत नव्हती हे खरंच होतं. का चुकत नव्हती ते मला माहीत होतं, देवधरांना माहीत होतं, आणि सुहासला माहीत नव्हतं.

फवारणीचं विमान पिकाच्या डोक्यावरून तीन मीटरवर उडतं, सेकंदाला साठ मीटर वेगानं. केळीची आणि उसाची शेकडो एकरांची गटशेती सुरू झाली, फवारायला माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा ही विमानं आपल्याकडे आली. ड्रोन आहेत की. पण एका फेरीत आठशे लिटर औषध उचलणारं काहीही वस्तीजवळ उडवायचं तर आत माणूस बसलेला लागतो, असा कायदा झाला. त्या माणसाला वीस-बावीस मीटर रुंदीचे पट्टे शेजारी-शेजारी मारायचे असतात. जागा सुटायला नको आणि दोनदाही फवारली जायला नको. फार पूर्वी यासाठी बांधावर एक जण झेंडा घेऊन उभा राहायचा. मग उपग्रह आले आणि वैमानिकाच्या नाकासमोर दिव्यांची पट्टी आली. डावा दिवा लागला की डावीकडे, उजवा लागला की उजवीकडे, मधला लागला की सरळ.

वाटाड्यानं त्यात एकच गोष्ट नवी केली. दिवा लागल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला थोडा वेळ लागतो. तरण्याताठ्या वैमानिकाला पाव सेकंदही लागत नाही. वय वाढतं तसा हा उशीर वाढतो, आणि ज्याचा त्याला तो कळत नाही, कारण ज्या मेंदूनं मोजायचं तोच मंदावलेला असतो. वाटाड्या हा उशीर मोजतो. चाळीसएक पट्टे मारून झाले की त्याला तुमचा हात पाठ होतो, आणि मग तो दिवा तेवढाच आधी लावायला लागतो. शेताचा नकाशा त्याच्याकडे असल्यामुळे पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतंच. विमान बरोबर जागी वळतं आणि आत बसलेल्या माणसाला वाटतं, वा, आज काय हात चाललाय! हे सगळं एका राखाडी कार्डात साठतं. ज्याचा हात त्याचं कार्ड.

यंत्र थोडाफार उशीर भरून काढतं एवढं वैमानिकाला माहीत असतं, पण किती, तो आकडा त्याला दिसत नाही. पहिल्या नमुन्यात दिसायचा. तीन प्रदर्शनांत एकही यंत्र खपलं नाही, तेव्हा कंपनीनं तो आतल्या, दुरुस्तीच्या पानावर नेऊन ठेवला. त्या पानाची किल्ली, म्हणजे चार अंक, फक्त आम्हा स्टॉलवाल्यांकडे असते.

मी रोज संध्याकाळी सुहासचं कार्ड काढून ते पान उघडायचे. पाच वर्षांपूर्वी आकडा होता सव्वीस, म्हणजे सेकंदाचे सव्वीस शतांश. मग तीस झाला, पस्तीस झाला. धुळ्याच्या आधी शेवटचा पाहिला तेव्हा तो चव्वेचाळीस होता. चव्वेचाळीस शतांशांत विमान सव्वीस मीटर पुढे गेलेलं असतं. नकाशात असलेल्या झाडासाठी, खांबासाठी, बांधासाठी दिवा लवकर लागतो, तिथे चिंता नाही. नकाशात नसलेल्या गोष्टीसाठी दिवा लागतच नाही. तिथे वैमानिकाचा स्वतःचा डोळा आणि स्वतःचा हात. गेल्या महिन्यात सांगलीच्या प्रदर्शनात कुणीतरी बांधावरून नवी तार ओढून ठेवली होती. सुहास तिच्यावरून निघाला; चाकं आणि तार यांत हातभर अंतर राहिलं असेल. जेवताना त्यानं ती गोष्ट चार जणांना रंगवून सांगितली. मी मान खाली घालून भात कालवत बसले.

मग सांगितलं का नाहीस, असं कुणीही विचारेल. पंचावन्नाव्या वर्षी सुहासला त्याच्या जुन्या नोकरीतून वयाच्या कारणानं घरी बसवलं होतं. वर्षभर तो जळगावच्या आमच्या गॅलरीत बसून असायचा. चिडला असता, भांडला असता तर मला चाललं असतं. तो नुसता मवाळ झाला. काय भाजी करू? काहीही. फिरायला जाऊ या? चालेल. कधी जाऊ या? कधीही. एवढा मोठा माणूस घरात होता आणि घर रिकामं वाटायचं. मग वाटाड्या आला, कंपनीला प्रात्यक्षिकासाठी अनुभवी वैमानिक हवा होता, आणि पहिल्या उड्डाणानंतर सुहास शिट्टी वाजवत जिना चढून आला. त्या शिट्टीसाठी मी पाच वर्षं तोंड बंद ठेवलं. देवधरांना मी दोनदा आकडा दाखवला होता. ते म्हणाले, "मॅडम, हीच तर आपली जाहिरात आहे."

त्याचं कार्ड ओळखू यावं म्हणून मी त्यावर कुंकवाचा ठिपका लावून ठेवला होता. लोकांना सिम्युलेटरवर बसवायला वापरतो ती कार्डं कोरी, बिनठिपक्याची. ही आमची घरगुती खूण. पण धुळ्याच्या चार दिवस आधी खंडेनवमी आली. आम्ही दरवर्षी पाटावर पाने-पक्कड, पेचकस, विमानाची किल्ली असं सगळं मांडून पूजा करतो. यंदा कार्डंही मांडली. मी स्वयंपाकघरात होते. सुहासनं पूजा केली आणि मोठ्या मनानं एकूण एक कार्डाला कुंकू लावलं. "एकालाच का म्हणून? सगळी आपलीच," असं वर म्हणालाही.

त्यामुळे प्रदर्शनाच्या पहिल्या दुपारी, उद्घाटन आटोपल्यावर, ट्रे उघडला तर सगळ्याच कार्डांची कपाळं लाल. कुठलं कोरं ते पडद्यावर तपासायला दोन मिनिटं लागतात. समोर रांग लागलेली, देवधर घड्याळ बघतायत, माझ्या टाचा ठणकतायत. मी अंदाजानं एक उचललं आणि सिम्युलेटरमध्ये घातलं.

पहिलीच बसली ती आर्वी पाडवी. नंदुरबारकडची, चोवीस वर्षांची, नुकताच परवाना मिळालेली. कडेनं उभे असलेले जुने वैमानिक तिला बघायला पुढे सरकले, कारण तिचा हात फार चांगला आहे असं सगळीकडे बोललं जात होतं. तिनं पहिला पट्टा घेतला आणि पडद्यावरचं विमान दारू प्यायल्यासारखं नागमोडी चालायला लागलं. दुसरा पट्टाही तसाच. कुणीतरी खुसखुसलं. आर्वीनं दांडी सोडली आणि भुवया आवळून दिव्यांकडे बघत राहिली.

"मॅडम, हा दिवा माझ्या आधी पळतोय," ती म्हणाली. "मी वळते तेव्हा वळायची जागा आलेलीच नसते."

मी काही बोलायच्या आत तिनं खाचेतून कार्ड ओढून काढलं आणि उजेडात धरलं.

"हे कोरं नाहीये. ह्यात कुणाचा तरी हात आहे. चांगला पॉइंट चारच्या पुढचा असणार! कुठल्या आजोबांचं कार्ड घातलंत हो?"

सगळे हसले. चहाचा कप घेऊन मागे उभा असलेला सुहासही हसला. मोठ्यानं हसला. मग त्याची नजर ट्रेकडे गेली, त्यातल्या लाल ठिपक्यांकडे गेली, आणि माझ्याकडे आली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आहेत. मला चेहरा बदलायला अर्धा क्षण उशीर झाला, आणि तेवढा त्याला पुरला.

"केतकी, माझं कार्ड कुठंय?" त्यानं विचारलं.

आर्वीनं हातातल्या कार्डाकडे पाहिलं, वरच्या फलकाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"सर, सॉरी, मला खरंच..."

"अगं, सॉरी काय त्यात? दे इकडे." सुहासनं कार्ड घेतलं, खिशात घातलं, कप नीट टेबलावर ठेवला आणि विमानाकडे चालत गेला.

मी मागोमाग गेले. पिवळं विमान धावपट्टीच्या कडेला उन्हात उभं होतं. आमच्या दोघांशिवाय तिथे कुणी नव्हतं. तो पंखाला टेकून उभा राहिला.

"किती?"

"पॉइंट चव्वेचाळीस."

"आणि यंत्र लावलं तेव्हा?"

"सव्वीस."

तो थोडा वेळ बोटांनी पंखावर काहीतरी मोजत राहिला. वैमानिक आहे तो, सेकंदाचे मीटर करायला त्याला कागद लागत नाही.

"सांगलीला किती होता?"

"बेचाळीस."

"म्हणजे सांगलीला मी वाचलो तो माझ्यामुळे नाही."

"नाही. नशिबानं."

"मला वाटत होतं," तो म्हणाला, आणि मग थांबला. "मला वाटत होतं, मी परत चांगला उडवायला लागलोय. पन्नाशीत उडवायचो त्याच्यापेक्षा चांगला. मी तुला म्हटलंही होतं तसं. तू काय म्हणाली होतीस आठवतंय?"

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, मग, माझाच नवरा आहेस. मला इतकी लाज वाटली की मी चाकाकडे बघायला लागले.

"तू गॅलरीत बसायचास ते मी पाहिलंय, सुहास," मी म्हटलं. "वर्षभर पाहिलंय. मला ते परत बघवलं नसतं."

"हां," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, नुसता दमलेला होता. "म्हणजे खाली बसलेला मी तुला बघवत नव्हतो, म्हणून तू मला वर पाठवत होतीस."

असं मी कधी म्हटलं नव्हतं. मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. पण त्यानं म्हटल्यावर मला एकही शब्द त्यातून वगळता येईना.

तेवढ्यात देवधर धापा टाकत आले. "सर, मॅडम, काय चाललंय? चारच्या खेळाला चारशे लोक बसलेत. कार्ड घाला, सही करा, मोकळे व्हा. नकाशा अगदी ताजा आहे."

"किती ताजा?" सुहासनं विचारलं.

"तीनच आठवड्यांपूर्वीचा."

सुहास पायरीवर पाय देऊन आत चढला आणि आसनावर बसला. पट्टा बांधला. कार्ड खिशातच होतं.

"कार्ड न घालता उडवतो," तो म्हणाला. "माझ्या हातानं. केतकी, तपासणीचा कागद आण."

जमिनीवरच्या तपासणीवर माझी सही असल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. इतक्या वर्षांत मी ती शेकडो वेळा केली असेल. "मी सही करणार नाही," मी म्हटलं.

"आज करणार नाहीस. गेल्या महिन्यात केलीस."

"केली. चुकले. आज करणार नाही."

देवधर माझ्याशी काहीतरी इंग्रजीत बोलत होते, ते मी ऐकलं नाही. सुहास आत बसून राहिला. दहा मिनिटं असतील. दांडीवर हात ठेवून तो समोरच्या शेताकडे बघत होता. मध्येच त्यानं दांडी डावीकडे ढकलली, परत मध्ये आणली, परत ढकलली. आपल्या हाताचं काही ऐकू येतंय का ते बघत असावा. मग पट्टा सोडून उतरला. उतरताना मी हात पुढे केला होता. त्यानं तो धरला नाही, पंखाला धरून उतरला.

"त्या मुलीला बोलवा," तो देवधरांना म्हणाला. "परवाना आहे तिच्याकडे. कोऱ्या कार्डावर उडवेल."

आर्वी आली ती घाबरलेलीच होती. सुहासनं तिला विमानाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि शेताबद्दल वीस. "आणि आधी चारी बांध पायी फिरून ये," तो म्हणाला. "नकाशावर जाऊ नको. आम्ही पूर्वी फिरल्याशिवाय बसायचोच नाही." मग स्वतःच तिच्याबरोबर निघाला. मी मागे राहिले. दोघं केळीच्या कडेनं उत्तरेकडच्या बांधापर्यंत गेले आणि तिथे बराच वेळ वर बघत उभे राहिले.

तार होती. पलीकडच्या विहिरीवरच्या पंपासाठी कुणीतरी आठवड्यापूर्वी दोन बांबू रोवून ओढलेली, काळी, बारीक. केळीच्या शेंड्यांच्या तीनेक मीटर वर. परत येताना आर्वी बोलत होती आणि सुहास वळून-वळून तारेकडे बघत होता.

मी तपासणीच्या कागदावर सही केली आणि आर्वीनं दक्षिणेकडून चार पट्टे मारले. तारेच्या बाजूला ती गेलीच नाही. तिचं उड्डाण काही फार देखणं नव्हतं, एक पट्टा जरा तिरकाही गेला, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमान खाली आल्यावर निवेदकानं नेहमीप्रमाणे सुहासला बोलायला बोलावलं. फलकावर फोटो त्याचाच होता ना. सुहासनं ध्वनिक्षेपक हातात घेतला.

"नमस्कार. मी सुहास निकुंभ," तो म्हणाला. "माझ्या हाताला पॉइंट चव्वेचाळीस सेकंद उशीर होतो. तुमच्यातले उडवणारे जे आहेत त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. मला हे आज दुपारी कळलं. यंत्राला पाच वर्षांपासून माहीत होतं. यंत्र चांगलं आहे, ते तुमचा उशीर भरून काढतं. पण तो तुमच्यापासून झाकूनही ठेवतं. उत्तरेच्या बांधावर आज एक तार आहे. ती नकाशात नाही. तुम्ही हे यंत्र घ्या, नका घेऊ, पण तुमचा आकडा विचा..."

इथे आवाज गेला. देवधरांनी मागे जाऊन वायर काढली होती. सुहासनं मुका ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हातात परत दिला आणि स्टॉलवर येऊन एका खुर्चीवर बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं होतं, लोक पांगतील. पांगलेही. पण पंधरा मिनिटांनी स्टॉलसमोर रांग लागली, आणि ती गिऱ्हाइकांची नव्हती. पन्नाशी-साठीचे वैमानिक होते ते, वाटाड्या आधीच घेतलेले. कुणी टोपी हातात घेऊन, कुणी उगाच घसा खाकरत. प्रत्येकाच्या हातात एक राखाडी कार्ड.

"मॅडम, ते आतलं पान उघडायचं नाही," देवधर माझ्या कानाशी म्हणाले. "कंपनीची गुप्त बाब आहे. तुमची नोकरी जाईल, सरळ सांगतो."

"जाऊ दे," मी म्हटलं. हे मी काही शौर्यानं म्हटलं नाही. नोकरी गेली तर उद्या उभं राहावं लागणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं. मी दुसरी खुर्ची ओढली, बसले, आणि चार अंक दाबले.

पहिल्याचा निघाला एकतीस. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि मला दोनदा नमस्कार केला. दुसऱ्याचा अडतीस. "यंत्रच बिघडलंय तुमचं," असं म्हणून तो गेला, आणि पाच मिनिटांनी येऊन परत मोजून घेऊन गेला. एकाचा चाळीस होता. तो कार्ड माझ्याच टेबलावर विसरून गेला. मी एकेक आकडा वाचत होते. पाच वर्षं जे एका माणसाला सांगितलं नाही ते मी आता अनोळखी माणसांना भराभर सांगत होते, आणि तो एक माणूस शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होता.

शेवटी आले मुल्लासाहेब, मिरजेचे. सुहासचे जुने सोबती, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांची बेगम शकीलाभाभी बरोबर होत्या. मुल्लासाहेबांनी कार्ड माझ्यापुढे टाकलं आणि वळून सुहासच्या खांद्यावर थाप मारली. "काय गड्या, आजोबा केलं म्हणं तुला त्या पोरीनं!" दोघं बोलायला लागले. निदान मुल्लासाहेब बोलायला लागले.

मी कार्ड खाचेत घातलं. शकीलाभाभी टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, आकडा मला सांगा," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांस्नी नको. त्यांना दुसरं हाय काय? पोरं परदेशात. ह्या इमानाबिगर ते जगायचे न्हाईत. मी बघते काय करायचं ते. हळूहळू सांगते. पर आज नको."

पडद्यावर आकडा आला होता. सत्तेचाळीस. त्यांना तो दिसत नव्हता, मी हातानं झाकला होता.

त्या अख्ख्या मैदानात शकीलाभाभींना माझ्याइतकं ओळखणारं कुणी नव्हतं. हळूहळू सांगते, हे मीही स्वतःला म्हटलं होतं, सव्वीस असताना, तीस असताना, पस्तीस असताना. त्यांच्या बोटांची पकड घट्ट होती आणि ती सोडवून घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती. खोटं बोलायला मात्र काहीच लागलं नसतं. मुल्लासाहेब, बत्तीस, मजेत उडवा. एवढं म्हटलं असतं की सगळे खूश होऊन घरी गेले असते.

"मुल्लासाहेब," मी हाक मारली, "जरा इकडे या." आणि हात बाजूला घेऊन पडदा त्यांच्याकडे फिरवला.

शकीलाभाभींनी माझं मनगट सोडलं. मुल्लासाहेबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, वाकून आकडा वाचला, आणि चष्मा लावलेलाच ठेवून पुन्हा वाचला. गंमत करायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. पण ते बायकोकडे वळले.

"तुला ठाव होतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," शकीलाभाभी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्या त्यांच्याकडे सरळ बघत होत्या. "आत्ताच कळलं. तुमच्यासंगंच."

मुल्लासाहेबांनी मान हलवली आणि हात पुढे केला. भाभींनी तो धरला आणि दोघं रिकाम्या होत चाललेल्या मंडपातून सावकाश निघून गेली.

सुहास त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. विमानातून उतरल्यापासून पहिल्यांदाच पाहिलं, आणि भाभींसारखं 'तुझ्याबरोबरच कळलं' हे वाक्य मला म्हणता येणार नव्हतं.